खटका कुणासाठी पडतो?

अलिबागची चुंबकीय वेधशाळा १९०४ साली सुरू झाली, ती मुंबईच्या ट्रामगाड्यांमुळे. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी तोवर मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत होत असत. शहरात विजेवर चालणारी ट्राम येणार हे दिसू लागले, तेव्हा तिथले संचालक नानाभॉय मूस यांच्यापुढे मोठाच प्रश्न उभा राहिला. तारांतून आणि रुळांतून वीज वाहू लागली की तिच्याभोवती चुंबकत्व तयार होणार आणि वेधशाळेची नाजूक उपकरणे त्याने ढळणार. म्हणून समुद्रापलीकडे अलिबागला, बांधकामात लोखंड टाळून, नवी वेधशाळा उभारली गेली. दोन वर्षे दोन्हीकडच्या नोंदी ताडून पाहण्यात आल्या. १९०७ मध्ये मुंबईत विजेची पहिली ट्राम धावली, तेव्हा अलिबागच्या कामाची घडी बसलेली होती.

ज्या गुणधर्मामुळे वेधशाळेला समुद्र ओलांडावा लागला, तोच गुणधर्म आज अष्टागरातल्या, म्हणजे याच अलिबाग परिसरातल्या, घराघरात, मीटरशेजारच्या पेटीत कामाला लावलेला आहे. वीज वाहते तिथे चुंबकत्व येते. वीज एकाएकी वाढली की चुंबकत्वही एकाएकी वाढते, आणि ब्रेकरमधल्या छोट्या गुंडाळीतला दांडा उडून खटका पाडतो. ही पेटी म्हणजे डिस्ट्रिब्यूशन बोर्ड; वायरमनच्या आणि आपल्या बोलण्यात तिला डीबी म्हणतात.

घर बांधताना फरशी, रंग, दारे-खिडक्या यांवर घरात आठवडेच्या आठवडे चर्चा होते. डीबीत काय बसवायचे हे मात्र बहुतेकदा दुकानात, पाच मिनिटांत ठरते. रायगडच्या किनाऱ्यावर हे परवडणारे नाही. इथे हवेत मीठ आहे, चार महिने पाऊस आहे, विहिरीवर पंप आहे, उघड्या खांबांवरून आलेल्या तारा आहेत आणि अधूनमधून वादळही येते. म्हणून डीबीतल्या प्रत्येक खटक्याबद्दल एकच प्रश्न विचारायला शिकावे: हा कुणासाठी पडणार आहे? वायरसाठी, माणसासाठी की घरातल्या वस्तूंसाठी? तिघांना वाचवणारी उपकरणे वेगवेगळी आहेत. बहुतेक जुन्या घरांत त्यांपैकी पहिलेच तेवढे असते.

फ्यूजची तार आणि एमसीबी

अजूनही कितीतरी वाड्यांमधल्या जुन्या घरांत चिनी मातीचे किटकॅट फ्यूज आहेत. जास्त वीज वाहिली की आतली बारीक तार वितळते आणि प्रवाह तुटतो. कल्पना साधी आणि चांगली आहे. धोका आहे तो पुन्हा तार बांधण्यात. काळोखात, पावसात, हाताशी असेल ती तांब्याची तार दोन-तीन पदरी करून बांधली जाते. ‘आता उडणार नाही’ असे म्हटले जाते आणि ते खरेही ठरते, कारण तो फ्यूज आता कशानेच उडत नाही. त्याच्याऐवजी भिंतीतली वायर तापते.

पुन्हा वर करता येणारा, तार न बांधावी लागणारा छोटा ब्रेकर जर्मनीतल्या मानहाइम शहरात हुगो श्टोट्झ यांच्या कंपनीने १९२४ च्या सुमारास आणला. आजचा एमसीबी त्याच कुळातला आहे. जुना एमसीबी उघडून पाहिला तर आत तीन गोष्टी ठळक दिसतात. पहिली, दोन धातू एकमेकांना जोडून केलेली पट्टी. वीज जास्त वेळ जास्त वाहिली की ती तापते, दोन्ही धातू कमीजास्त प्रसरण पावतात, पट्टी वाकते आणि खटका पाडते. दुसरी, तांब्याच्या जाड तारेची गुंडाळी आणि तिच्यातला दांडा. शॉर्ट सर्किट झाले की हा दांडा सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास आपले काम करतो. तिसरी, एकामागे एक बसवलेल्या पातळ पत्र्यांची चौकट. प्रवाह तुटताना जी ठिणगी पेटते ती या पत्र्यांमध्ये ओढली जाते, तिचे तुकडे होतात आणि ती विझते.

एमसीबीवर १६ लिहिले आहे म्हणजे सतरावा अँपिअर आला की तो पडेल, अशी अनेकांची समजूत असते. तसे होत नाही. मानकाप्रमाणे लिहिलेल्या आकड्याच्या १.१३ पट प्रवाह तासभर वाहिला तरी तो पडता कामा नये, आणि १.४५ पट वाहिला तर तासाच्या आत पडलाच पाहिजे. म्हणजे १६ चा एमसीबी १८ अँपिअर तासभर सोसेल. २३ अँपिअर मात्र त्याला फार वेळ सोसू दिले जात नाहीत. ही ढिलाई मुद्दाम ठेवलेली असते, कारण वायरही थोडा वेळ थोडा जास्त भार सहज सहन करते. म्हणून ब्रेकर आणि वायर यांची जोडी नीट जुळणे हे सगळ्याचे मूळ आहे.

आधी वायर, मग आकडा

‘गीझर लावला की एमसीबी पडतो, मोठा टाकून द्या,’ हे वाक्य प्रत्येक वायरमनने ऐकलेले असते. एमसीबी उपकरणाकडे बघून मोठा करायचा नसतो. तो भिंतीतल्या वायरचा राखणदार आहे, आणि त्याचा आकडा ती वायर किती सोसते यावरून ठरतो. क्रम असा: उपकरणांचा प्रवाह सर्वांत कमी, ब्रेकरचा आकडा त्याच्या बरोबरीचा किंवा थोडा वर, आणि वायरची क्षमता ब्रेकरच्याही वर. हा क्रम कुठेही उलटा झाला की आगीला वाट मिळते.

घरात वापरल्या जाणाऱ्या तांब्याच्या पीव्हीसी वायरसाठी सुरक्षित जोड्या अशा धरता येतात. १ चौरस मिलिमीटरच्या वायरला ६ अँपिअर, १.५ ला १०, २.५ ला १६, ४ ला २० किंवा २५ आणि ६ ला ३२. एकाच पाइपातून बऱ्याच वायरी कोंबल्या असतील किंवा पाइप पत्र्याखालून जात असेल, तर वायरची क्षमता आणखी उतरते. अशा ठिकाणी २५ ऐवजी २० घेणे शहाणपणाचे. वायरवर आयएस ६९४ ही खूण आणि चौरस मिलिमीटरचा आकडा छापलेला असतो. जुन्या घरात तो दिसत नसेल तर ब्रेकर बदलण्याआधी वायरमनकडून वायर तपासून घ्यावी. वायर कोणती आहे हे ठाऊक नसताना एमसीबी निवडणे म्हणजे अंदाजावर घर सोडणे.

आता नागाव किंवा चौलकडच्या वाडीतले एक साधे घर घेऊ. माजघर, स्वयंपाकघर, दोन खोल्या, मागे न्हाणीघर, विहिरीवर एक अश्वशक्तीचा पंप. वॅटच्या आकड्याला २३० ने भागले की साधारण अँपिअर मिळतात.

दिवे आणि पंखे: आठ-दहा एलईडी दिवे आणि पाच पंखे मिळून ५०० वॅटही होत नाहीत, म्हणजे २ अँपिअरच्या आसपास. त्यांना ६ चा एमसीबी भरपूर. मात्र घरातले सगळे दिवे एकाच एमसीबीवर ठेवू नयेत. रात्री एक खटका पडला आणि सगळे घर काळोखात गेले, तर डीबीपर्यंत चाचपडत जावे लागते. पुढची आणि मागची बाजू वेगळी ठेवावी.

स्वयंपाकघर: मिक्सर, इंडक्शन शेगडी, कधी ओव्हन. २००० वॅटची इंडक्शन शेगडी एकटीच ९ अँपिअर घेते. तिथे २.५ ची वायर आणि १६ चा एमसीबी हवा, आणि ओव्हनही वापरात असेल तर दुसरी स्वतंत्र लाइन.

गीझर: २००० वॅटचा गीझर ८.७ अँपिअर, ३००० वॅटचा लगेच पाणी तापवणारा १३ अँपिअर. दोन्हींना १६ चा एमसीबी चालतो. वायर किमान २.५ ची, तीन हजार वॅटला ४ ची उत्तम. गीझरची लाइन दुसऱ्या कशालाही जोडू नये.

एसी: दीड टनाचा एसी चालू असताना साधारण ७-८ अँपिअर घेतो. १६ किंवा २० चा एमसीबी आणि ४ ची स्वतंत्र वायर.

पंप: एक अश्वशक्तीचा सिंगल फेज पंप चालताना ६-७ अँपिअर घेतो; नेमका आकडा पंपाच्या पाटीवर असतो. पण सुरू होताना काही क्षण त्याच्या पाच-सहा पट, म्हणजे ४० अँपिअरपर्यंत खेचतो. इथे एमसीबीवरच्या आकड्याआधीचे अक्षर कामाला येते.

बी, सी, डी

एमसीबीवर ‘सी १६’ किंवा ‘बी १०’ असे छापलेले असते. अक्षर गुंडाळीची सहनशक्ती सांगते. बी प्रकार आकड्याच्या ३ ते ५ पट प्रवाहाला क्षणात पडतो, सी प्रकार ५ ते १० पटीला आणि डी प्रकार १० ते २० पटीला. दिवे, गीझर, साधे पॉइंट यांना बी पुरतो. पंप, एसी, फ्रीज अशा मोटर असलेल्या वस्तूंना सी. डी हा मोठ्या मोटरी, वेल्डिंग यंत्रे यांच्यासाठी आहे. घरात त्याचे काम नाही.

आपल्या पंपाला बी १० लावला तर तो ३० ते ५० अँपिअरच्या दरम्यान कुठेही पडू शकतो, आणि सकाळी वाडी शिंपायला पंप सुरू केला की रोज खटका खाली. त्याला सी प्रकार हवा: सी १० बहुतेकदा चालतो, पंप लांब असेल किंवा व्होल्टेज कमी राहत असेल तर सी १६. किनाऱ्याच्या गावांत संध्याकाळी व्होल्टेज उतरते, तेव्हा मोटर जास्त प्रवाह ओढते आणि तापते. एमसीबी एवढ्यावर लक्ष ठेवू शकत नाही. पंपाच्या स्टार्टरमध्ये ओव्हरलोड रिले हवाच, आणि त्याचा काटा पंपाच्या पाटीवरच्या अँपिअरवर लावलेला हवा.

सगळीकडे सी लावून टाकायची रीत आहे, कारण दुकानात तोच सहज मिळतो. खांबापासून दूर असलेल्या घरात याचा तोटा होतो. लांब आणि बारीक तारेच्या टोकाला शॉर्ट सर्किट झाले तरी प्रवाह फार वाढत नाही. सी १६ ला क्षणात पडायला १६० अँपिअरपर्यंत लागू शकतात, बी १६ ला ८० पुरतात. म्हणून मागच्या अंगणातल्या, गोठ्यातल्या, गेटवरच्या दिव्यांच्या लांब लाइनला बी प्रकार मुद्दाम मागून घ्यावा.

त्याच एमसीबीवर एका चौकटीत ६००० किंवा १०००० छापलेले असते. शॉर्ट सर्किटचा किती अँपिअरपर्यंतचा झोत तो स्वतः न फुटता तोडू शकतो, ते हा आकडा सांगतो. गावातल्या घराला ६००० पुरेसे आहे. घर डीपीच्या, म्हणजे वस्तीच्या ट्रान्सफॉर्मरच्या, अगदी शेजारी असेल किंवा अलिबाग-पेणमधल्या मोठ्या इमारतीत असेल तर १०००० घ्यावा. हा आकडाच नसलेला स्वस्त माल हातातही घेऊ नये.

माणसासाठी वेगळे उपकरण

इथवर सगळे वायरसाठी झाले. आता या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा हिशेब.

गावात वीज कंपनी खांबावरून फेज आणि न्यूट्रल आणून देते. अर्थिंग आपले आपण करायचे असते, आणि किनाऱ्यावर ते अवघड असते. पावसाळ्यात ओली असलेली पुळण एप्रिल-मेमध्ये वरून कोरडी पडते. जांभ्याच्या कातळात सळई खोल जात नाही. खाऱ्या ओलाव्याने लोखंडी पट्टी काही वर्षांत गंजून तुटते. समजा घराच्या अर्थिंगचा रोध २० ओहम आहे आणि डीपीकडचा ५ ओहम. विहिरीवरच्या पंपाच्या आत वायरचे आवरण सोलले गेले आणि फेज पंपाच्या लोखंडी अंगाला लागला. जमिनीतून वाहणारा प्रवाह किती? २३० भागिले २५, म्हणजे ९.२ अँपिअर.

१६ च्या एमसीबीच्या दृष्टीने हा अगदी नेहमीचा प्रवाह आहे. तो पडणार नाही. तासाने नाही, दिवसाने नाही. आणि तेवढा वेळ पंपाच्या अंगावर सुमारे १८४ व्होल्ट उभे राहतील. अनवाणी, ओल्या पायाने, पंपाची नळी नीट करायला कोणी हात लावला तर त्याच्या शरीरातून जाणारा प्रवाह अँपिअरच्या अगदी छोट्या अंशात असेल. तोही एमसीबीच्या खिजगणतीत नाही. एमसीबी अगदी उत्तम असेल, वायर नवी असेल, अर्थिंगही केलेले असेल. तरीही माणूस जाऊ शकतो.

अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात चार्ल्स डाल्झील यांनी माणूस किती प्रवाहापर्यंत हात सोडवून घेऊ शकतो हे प्रयोगांनी मोजले होते. पुरुषांत ही मर्यादा सरासरी १६ मिलिअँपिअरच्या आसपास आणि स्त्रियांत त्याहूनही कमी भरली. मिलिअँपिअर म्हणजे अँपिअरचा हजारावा भाग. त्यापुढे स्नायू आखडतात, मूठ आवळली जाते आणि हात सुटत नाही. प्रवाह याहून जास्त आणि थोडा अधिक वेळ छातीतून गेला तर हृदयाची लय बिघडते. डाल्झील यांच्यासारख्या संशोधकांच्या कामातून १९५०-६० च्या दशकांत गळती ओळखणारा ब्रेकर घडत गेला. आपण त्याला आरसीसीबी म्हणतो. जुने वायरमन ईएलसीबी म्हणतात.

त्याचे काम ताळा जमवण्याचे आहे. फेजने घरात गेलेला प्रवाह आणि न्यूट्रलने परत आलेला प्रवाह सारखा असायला हवा. दोन्ही तारा एकाच लोहकड्यातून नेलेल्या असतात. दोन्हींचे प्रवाह सारखे असतील तर त्यांची चुंबकत्वे एकमेकांना खोडून काढतात. थोडा प्रवाह पंपाच्या अंगातून किंवा माणसाच्या शरीरातून जमिनीत गेला की ताळा चुकतो, कड्यात चुंबकत्व उरते आणि खटका पडतो. घरासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी घ्यायचा. मानकाप्रमाणे तो ३० मिलिअँपिअरला सेकंदाच्या तीन दशांशांत आणि त्याच्या पाचपट गळतीला ४० मिलिसेकंदांत पडला पाहिजे. आपल्या उदाहरणातल्या पंपाची गळती ९.२ अँपिअर, म्हणजे ३० मिलिअँपिअरच्या तीनशे पट होती. फेज पंपाच्या अंगाला लागताक्षणीच, कोणी हात लावायच्या आधी, खटका पडला असता.

वाळूतल्या, जांभ्यातल्या कमकुवत अर्थिंगवर आरसीसीबी हाच खरा आधार आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा नियमांतही गळती ओळखणारे उपकरण सांगितलेले आहे. १०० किंवा ३०० मिलिअँपिअरचे आरसीसीबी बाजारात मिळतात. ते आग टाळण्यासाठी आहेत, माणसासाठी नाहीत. शिवाय आरसीसीबीवर लिहिलेले ४० अँपिअर म्हणजे तो किती प्रवाह वाहून नेऊ शकतो तेवढेच. जादा भाराने तो पडत नाही. त्याच्या जोडीला एमसीबी लागतोच. दोन्ही कामे एकत्र करणारा आरसीबीओही मिळतो. तो महाग आहे, पण पंप, गीझर आणि न्हाणीघर यांच्यासाठी पैसे वाया जात नाहीत.

एसीपासून वॉशिंग मशीनपर्यंत आता बऱ्याच वस्तूंमध्ये इलेक्ट्रॉनिक सर्किट असते. त्यांच्या गळतीची लाट साध्या, एसी प्रकारच्या आरसीसीबीला नीट ओळखता येत नाही. ए प्रकारचा आरसीसीबी मागून घेतला तर ही अडचण येत नाही.

‘पावसाळ्यात सारखा पडतो’

आरसीसीबी बसवला आणि पहिल्याच पावसात तो पडू लागला, म्हणून काढून टाकला किंवा वायर बाजूने वळवून त्याला निकामी केला, असे किनाऱ्यावर सर्रास होते. तो पडतो याचा अर्थ कुठेतरी वीज खरोखर जमिनीत जात असते. अंगणातल्या दिव्याच्या होल्डरमध्ये पाणी, गेटच्या खांबात मुंग्यांचे वारूळ, पंपाच्या केबलचा कापडी चिकटपट्टीने बांधलेला जोड, गीझरची चिरलेली कॉइल, यांतले काहीतरी निघते.

एकच आरसीसीबी सगळ्या घराला असेल तर शोध कठीण होतो आणि एका ओल्या होल्डरपायी फ्रीजही बंद पडतो. फ्रीजरमध्ये मासळी असलेल्या घराला आणि पर्यटकांना खोल्या देणाऱ्या घराला हे जड जाते. म्हणून दोन किंवा तीन भाग करावेत: घरातला भाग, बाहेरचा भाग म्हणजे पंप, अंगण आणि न्हाणीघर, आणि शक्य असल्यास फ्रीजला स्वतंत्र आरसीबीओ. घरगुती निवासाच्या धंद्यात प्रत्येक खोलीला आपापला आरसीबीओ ठेवला तर एका खोलीतला दोष दुसऱ्या पाहुण्याला त्रास देत नाही.

काहीही ओले नसताना आरसीसीबी पडत असेल तर न्यूट्रल तपासून घ्यावा. जुन्या वायरिंगमध्ये दोन लाइनींचे न्यूट्रल मध्येच कुठल्यातरी बोर्डात एकत्र बांधलेले असतात. इन्व्हर्टर बसवताना तर हे हमखास घडते. एका आरसीसीबीतून गेलेला प्रवाह दुसऱ्याच्या वाटेने परत येतो, ताळा चुकतो आणि खटका पडतो. प्रत्येक भागाचा न्यूट्रल डीबीत वेगळ्या पट्टीवर आणला की हा त्रास थांबतो.

वादळ, न्यूट्रल आणि घरातल्या वस्तू

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. ताशी १०० किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्याने श्रीवर्धन, मुरुड, अलिबाग परिसरातल्या नारळी-पोफळीच्या बागा झोपवल्या, आणि त्यांच्याबरोबर विजेचे खांबही. कितीतरी गावे अनेक दिवस, काही तर आठवडेच्या आठवडे काळोखात राहिली. अलिबाग शहरात वीजवाहिन्या जमिनीखाली नेण्याचे काम हाती घेण्यात आले. गावागावांत मात्र अजूनही उघड्या ताराच आहेत.

अशा तारांवर सर्वांत फसवा दोष म्हणजे तुटलेला न्यूट्रल. खांबावरच्या गंजलेल्या जोडातून तो सुटला, की तीन फेजवरच्या घरांमधले व्होल्टेज वाटेल तसे वाटले जाते. एका घरात दिवे मिणमिणतात, तर शेजारच्या घरात व्होल्टेज ३०० च्या पुढे, पार ४०० च्या जवळ जाऊ शकते. टीव्ही, फ्रीज, पंख्यांचे रेग्युलेटर एकाच वेळी जळतात. एमसीबी व्होल्टेज पाहत नाही, आरसीसीबीही पाहत नाही. त्यासाठी व्होल्टेज वाढले किंवा उतरले की लाइन तोडणारे, डीबीतच बसणारे वेगळे उपकरण मिळते. विजा चमकतात तेव्हा तारांवरून येणाऱ्या क्षणिक झटक्यासाठी सर्ज प्रोटेक्टर असतो. घरच्या डीबीत त्याचा दुसऱ्या वर्गाचा प्रकार बसवतात. तो आलेला झटका जमिनीत सोडतो, म्हणून अर्थिंग चांगले नसेल तर त्याचा फार उपयोग होत नाही.

वादळानंतर तारा पुन्हा ओढल्या जातात तेव्हा घाईत फेज आणि न्यूट्रल उलटे जोडले जाण्याचा धोका असतो. साधा एका पोलचा एमसीबी एकच तार तोडतो. ती तार न्यूट्रल निघाली तर एमसीबी बंद करूनही गीझरमध्ये फेज जिवंत राहतो. म्हणून गीझर आणि पंप यांना दोन्ही तारा तोडणारा दोन पोलचा एमसीबी घ्यावा, मेनही दोन पोलचाच असावा, आणि लाइन दुरुस्त झाल्यावर पहिल्यांदा टेस्टर लावून फेज कुठे आहे ते पाहून घ्यावे.

आणखी एक गोष्ट दुसऱ्याच्या जिवाची आहे. लाइट गेल्यावर जनरेटर घरच्या पॉइंटला जोडून घर चालवले, तर वीज उलटी खांबावर चढते, डीपीतून उलट्या बाजूला हजारो व्होल्ट होते, आणि बंद समजून खांबावर चढलेला लाइनमन मरतो. निसर्गच्या वेळी बाहेरच्या जिल्ह्यांतूनही माणसे येऊन इथल्या खांबांवर चढली होती. जनरेटर वापरायचा तर मेन आणि जनरेटर यांतले एकच चालू राहील असा चेंजओव्हर स्विच बसवावाच लागतो. यात सवलत नाही.

मिठाची हवा

समुद्रापासून जवळच्या घरातला पाच-सहा वर्षांचा डीबी उघडला की टर्मिनलच्या स्क्रूभोवती हिरवट-पांढरी पूड दिसते. ओलसर खाऱ्या हवेने तांबे आणि पितळ खाल्ले जाते. स्क्रूखालची पकड सैल होते, तिथला रोध वाढतो, आणि नेहमीच्याच भाराला तो सांधा तापू लागतो. वायरचे आवरण आधी तपकिरी होते, मग कडक होऊन तडकते. हा ताप एमसीबीच्या पट्टीपर्यंत पोहोचला तर तो कारण नसताना पडतो. नाही पोहोचला तर सांधा जळतच राहतो. ‘एमसीबी खराब झाला’ म्हणून बदलले जाणारे बरेच एमसीबी खरे तर सैल स्क्रूचे बळी असतात.

म्हणून डीबी समुद्राकडच्या पडवीत, पागोळ्यांच्या शिंतोड्यात बसवू नये. माजघरात, हाताच्या उंचीवर, कोरड्या भिंतीवर बसवावा. बाहेर बसवणे भागच असेल तर झाकणाला रबर असलेली आयपी ६५ दर्जाची प्लास्टिकची पेटी घ्यावी. पत्र्याची पेटी इथे गंजून जाते. वायरी खालून आणाव्यात, म्हणजे त्यांच्यावरून पाणी आत उतरत नाही. वापरात नसलेली भोके बुजवावीत, नाहीतर पाली आणि मुंग्या आत घर करतात. बहुपदरी वायरच्या टोकाला फेरूल दाबून मगच स्क्रूखाली द्यावी. पत्र्याखाली तापणाऱ्या भिंतीवरही डीबी नको: एमसीबीचे आकडे ३० अंश तापमानासाठी दिलेले असतात, आणि मे महिन्याच्या दुपारी तापलेल्या पेटीत तो लवकर पडतो.

दरवर्षी पावसाआधी, घराची शाकारणी होते त्याच दिवसांत, वायरमनला बोलावून मेन बंद करून सगळे स्क्रू कसून घ्यावेत, अर्थिंगचा रोध मीटरने मोजून घ्यावा आणि तो आकडा डीबीच्या झाकणाच्या आत तारखेसह लिहावा. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी घालणे हे घरच्या माणसाचे काम. आरसीसीबीवर एक छोटे टेस्ट बटण असते. ते मुद्दाम थोडी गळती घडवून यंत्रणा जिवंत आहे का ते दाखवते. वर्षानुवर्षे न हललेला खटका खाऱ्या हवेत आतच धरला जातो आणि ऐन वेळी पडत नाही. किनाऱ्यावर हे बटण महिन्यातून एकदा दाबावे. खटका झटकन पडला नाही तर आरसीसीबी त्याच आठवड्यात बदलावा.

पैसे कमी असतील तेव्हा

सगळे एकदम करणे प्रत्येकाला शक्य नसते. म्हणून क्रम सांगतो.

पहिला खर्च ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीचा आणि चांगल्या अर्थिंगचा. घरात जुने किटकॅट फ्यूज असले, वायरिंग जुने असले, तरी हे आधी. आरसीसीबी फ्यूजच्या पुढेही बसवता येतो. दुसरा खर्च फ्यूज काढून वायरला साजेसे एमसीबी बसवण्याचा, आणि पंप व गीझरला दोन पोलचे. तिसरा, बाहेरचा भाग वेगळा करण्याचा. चौथा, व्होल्टेजपासून आणि विजेच्या झटक्यापासून वस्तू वाचवणाऱ्या उपकरणांचा. टीव्ही पुन्हा घेता येतो, म्हणून तो शेवटी.

खरेदी करताना एमसीबीवर आयएस/आयईसी ६०८९८ आणि आरसीसीबीवर आयएस १२६४० ही खूण, भारतीय मानक ब्यूरोच्या चिन्हासह, पाहून घ्यावी. काम परवानाधारक ठेकेदाराकडून करून घ्यावे आणि त्याच्याकडून टेस्ट रिपोर्ट घ्यावा. काम संपल्यावर कोणता खटका कशाचा हे मराठीत, पुसले न जाणाऱ्या शाईने, प्रत्येकाखाली लिहून घ्यावे. आणि घरातल्या प्रत्येक माणसाला, आजीपासून शाळेत जाणाऱ्या मुलापर्यंत, दोन गोष्टी डीबीसमोर उभे करून शिकवाव्यात: कुणाला शॉक बसला तर त्याला हात न लावता आधी मेन पाडायचा, आणि पुन्हा पुन्हा पडणारा खटका जबरदस्तीने वर धरून ठेवायचा नाही. तो का पडला हे शोधायला वायरमनला बोलवायचे, मग वेळ रात्रीची असो की ऐन पावसाची.